वडिलांची नोकरी आणि वडिलांचे वळण

पिंपरी-चिंचवडच्या कामगारवस्तीत वाढलेल्या माणसाला वडिलांकडून काय शिकलास असे विचारले, तर उत्तर ठरलेले असते: वेळ पाळायची, कष्टाला मागे हटायचे नाही, अंथरूण पाहून पाय पसरायचे. हे खोटे नाही, अपुरे आहे. या उत्तरात सगळे गुण त्या माणसाच्या खात्यावर जमा होतात आणि तो ज्या नोकरीत होता, तिच्या खात्यावर काहीच पडत नाही. मुलाला नेमके काय वारशाने मिळाले हे तपासायचे, तर आधी ही दोन खाती वेगळी केली पाहिजेत.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, त्याच दशकात आकुर्डीला बजाज ऑटो आणि 1966 मध्ये टेल्को आली. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा इथून आलेले तरुण पावसाच्या भरवशावरच्या शेतीतून थेट ठरल्या तारखेच्या पगारात शिरले. त्यांच्या वळणाचा पाया इथे आहे. पगार ठरलेला, म्हणून खर्च ठरवता आला. फंड कापला जाई, दिवाळीला बोनस येई, पतसंस्थेचा हप्ता पगारपत्रकातूनच वजा होई. ‘आमच्या वडिलांनी कधी कर्ज काढले नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या अनेक घरांतली खोली पतसंस्थेच्या कर्जातूनच उभी राहिली आहे. पगार हातात येण्याआधीच हप्ता कापला गेल्यामुळे ते कर्ज कधी कर्ज वाटले नाही, इतकेच. काटकसर हा वडिलांचा गुण होताच, पण ती शक्य झाली पर्मनंट नोकरीमुळे.

वक्तशीरपणाचेही तसेच. आठवड्याला पाळी बदले, की घराचे घड्याळ बदले. रात्रपाळी करून आलेले वडील दिवसा झोपत. तेवढा वेळ मुलांनी बाहेर खेळायचे, रेडिओ बारीक करायचा, शेजारची बाई आली तर दारातच बोलायचे. पहिल्या पाळीची बस चुकू नये म्हणून पहाटे चारला स्टोव्ह पेटे. तो पेटवणारा हात आईचा. वडिलांचा वक्तशीरपणा म्हणून मुले जे सांगतात, त्यातला निम्मा वाटा तिचा आहे आणि तो कुठल्याच हजेरीपटावर नाही. काम आधी, घर नंतर, हा धडा मुलगे वडिलांच्या उदाहरणावरून शिकले. घर कोण सांभाळते, हा प्रश्न मात्र त्यात आलाच नाही. वडिलांचे उदाहरण अपुरे आहे म्हणतो ते याच अर्थाने.

नोकरीवर न टेकणारा, निखळ माणसाचा म्हणता येईल असा एकच धडा मला दिसतो: हाताचा. फिटर बाप आयटीआयला जाणाऱ्या मुलाला लोखंडाचा तुकडा शेगड्यात धरून कानस कशी चालवायची ते दाखवतो. पुढे ढकलताना दाब, मागे घेताना सोड. मग घासलेल्या कडेवर गुण्या टेकवून तो तुकडा खिडकीकडे धरायचा. पात्याखालून उजेड फटीतून आला, तर काम कच्चे. बाप रागावत नाही, फक्त तुकडा परत देतो. चार वेळा, पाच वेळा. इथे साहेब नाही, सुपरवायझर नाही, निवाडा उजेडाचा. असा शिकलेला मुलगा कुठल्याही कंपनीत जावो, कच्चे काम त्याच्या हातून सहसा होत नाही.

आता मालकाचे घर पाहू. तिथले उदाहरण सार्वजनिक आहे आणि तुलनेला उपयोगी आहे. राहुल बजाज कुटुंबासह आकुर्डीच्या कारखान्याच्या आवारातच राहत. मुलगे वाढले ते भोंगा ऐकतच. राजीव यांचे शालेय शिक्षण आकुर्डीतच झाले, पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले आणि इंग्लंडात वॉरिकला शिकून 1990 मध्ये कंपनीत आले. वडिलांची ओळख चेतक. 1972 ची ही स्कूटर मिळवायला लोक वर्षानुवर्षे नंबर लावून थांबत. मुलाने 2001 मध्ये पल्सर आणली आणि 2009 मध्ये स्कूटर बनवणे थांबवण्याचा निर्णय घेतला. तो वडिलांना रुचला नाही आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितलेही. मुलाने वडिलांची वस्तू टाकली, पण कारखान्याच्या जवळ राहून काम बघण्याची त्यांची रीत ठेवली. वडिलांच्या उदाहरणातून निवड करण्याची ही मोकळीक त्याला होती, कारण पाठीशी भांडवल होते. फिटरच्या मुलाला ती नसते. सप्टेंबर 2007 मध्ये आकुर्डीतले उत्पादन बंद झाले, तेव्हा तिथल्या कामगारांच्या घरी ‘कंपनी म्हणजे आयुष्यभराची सोय’ हा धडा कोणी न विचारताच संपला.

संघटनेविषयी घराघरांत जे शिकवले गेले, तेही अनुभवातूनच. टेल्कोच्या कामगारांनी सप्टेंबर 1989 मध्ये शनिवारवाड्यापाशी उपोषण केले आणि पोलिसांनी त्यांना पहाटे उचलून नेले. त्यानंतर किती बापांनी मुलांना ‘युनियनच्या भानगडीत पडू नको’ म्हणून सांगितले, याची मोजदाद कोणी केलेली नाही. पण या पट्ट्यात ते वाक्य ऐकले नाही असा तरुण मला तरी भेटायचा आहे.

मुलगा आता चाकणला जातो. 1999 मध्ये बजाजचा तिथला कारखाना सुरू झाला, 2009 मध्ये फोक्सवॅगन आली, मग महिंद्रा, आणि म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडीच्या शेतांत सुट्या भागांच्या शेड उभ्या राहिल्या. यांतल्या बऱ्याच ठिकाणी तरुण कामाला असतो तो ठेकेदाराच्या नावावर. बाप सांगतो, ‘दांडी मारू नको, साहेबाच्या नजरेत राहा, एक दिवस पर्मनंट होशील.’ मुलगा म्हणतो, ‘पप्पा, पुढच्या महिन्यात माझा ब्रेक आहे.’ बापाला ब्रेक म्हणजे चहाची सुट्टी वाटते.

या ब्रेकचे कारण कायद्यात आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांनी बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलेल्या कामगाराला कायम होण्याचा हक्क दिला होता. म्हणून सहा-सात महिन्यांनी नाव कापायचे, काही दिवसांनी पुन्हा घ्यायचे, कधी दुसऱ्या ठेकेदाराकडून. अशा व्यवस्थेत बापाची सहनशीलता जशीच्या तशी उचलणारा मुलगा शहाणा ठरत नाही. बाप टिकला, कारण टिकण्याला मोबदला होता. मुलाच्या टिकण्याची मोजणीच दर सात महिन्यांनी शून्यावर येते. तो पाच वर्षांत चौथी कंपनी बदलतो, तेव्हा बापाला तो धरसोड करणारा वाटतो. माझ्या मते ही धरसोड नाही. बापाने आपल्या परिस्थितीत जो हिशेब केला, तोच मुलगा आपल्या परिस्थितीत करतो आहे.

निवृत्त बापाने मुलाला निष्ठेवर व्याख्यान देण्यापेक्षा दुसरे काही शिकवावे. त्याने स्वतः चाळीस वर्षांच्या पगारपत्रकांची चळत पत्र्याच्या पेटीत जपली आहे. ती सवय मुलाला लावावी. 240 दिवस भरले हे सिद्ध करण्याचा भार कामगारावरच असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2002 मध्ये सांगितले आहे. तेव्हा गेटपास, पगाराची चिठ्ठी, ठेकेदाराचे नेमणूकपत्र, फंडाचा उतारा, काहीही फेकू नका. ब्रेक मिळाला त्या दिवसाची तारीखसुद्धा लिहून ठेवा.