कोल्हापूरची जुनी यंत्रे



यंत्र विकत घेणे हा एका दिवसाचा व्यवहार. यंत्राशी संसार करणे हे मात्र पिढ्यांचे काम होय. आमच्या करवीर नगरीच्या इतिहासात याचे जे दाखले सापडतात, त्यांपैकी काही आज आपणांपुढे ठेवावयाचे आहेत.

मिरज-कोल्हापूर लोहमार्गाची पायाभरणी 1888 साली झाली व 1891 साली त्यावरून गाडी धावू लागली. सुमारे तीस मैलांचा हा मार्ग संस्थानाच्या मालकीचा होता. तत्पूर्वी येथील माल बैलगाड्यांतून घाट उतरून कोकणच्या बंदरांकडे जाई. आता तो मिरजेवरून देशाकडे वळला. 1895 साली स्थानकानजीक शाहूपुरीची पेठ वसली आणि कोल्हापुरी गुळास मोठी बाजारपेठ लाभली. रूळ अरुंद मापाचे असल्यामुळे मुंबईस जाणाऱ्या उतारूस पुण्यास वळकटी उचलून दुसऱ्या गाडीत बसावे लागे. रुंद रूळ पडले ते 1971 साली. म्हणजे तीन पिढ्यांनी ही गैरसोय अंगवळणी पाडून घेतली.

या गाडीने मालाबरोबर एक नवी नागरिक शिस्तही आणली. गाडी कोणाच्या मुहूर्तासाठी खोळंबत नसे आणि तिकीट देणारा जात विचारीत नसे. ज्यांची सावली टाळावयाची, त्यांच्याच शेजारी बाकावर बसण्याचा प्रसंग कित्येकांवर आला. परंतु यंत्राने माणूस आपोआप सुधारतो, असे मात्र समजू नये. एका डब्यातून आलेले उतारू फलाटावर उतरताच पाण्यासाठी निरनिराळे होत. हिंदुस्थानातील अनेक स्थानकांवर घागरीदेखील वेगळ्या असत. जे काम रुळांना साधले नाही, ते माणसालाच करावे लागले. 1919 साली शाहू छत्रपतींनी सार्वजनिक विहिरी, शाळा व दवाखाने यांतील अस्पृश्यता मोडण्याविषयी हुकूम काढले. पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल ज्यांना मार खावा लागला होता, त्या गंगाराम कांबळे यांस महाराजांनी चहाचे दुकान घालण्यास साहाय्य केले आणि भर रस्त्यात त्यांच्या हातचा चहा स्वतः घेतला. हुकमाला असे आचरणाचे वंगण मिळाले, म्हणूनच त्याचे चाक फिरले.

आता यंत्रांच्या डागडुजीकडे वळू. उसाच्या या मुलखात गुऱ्हाळावरचा लाकडी चरक जाऊन लोखंडी आला, बैलांच्या जागी ऑइल इंजिन आले. भर हंगामात इंजिन बंद पडले, तर तोडलेला ऊस वाळून जाणार; विलायतेहून सुटा भाग येईपर्यंत शेतकऱ्याने थांबावे कसे? तेव्हा येथील सुतार-लोहार पुढे सरसावले. मोडलेला भाग पाहावा, त्याचा लाकडी साचा करावा, तसाच भाग ओतून घ्यावा, असे करता करता ते मिस्त्री झाले. दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल दुर्मीळ झाला, तेव्हा ही विद्या विशेष उपयोगी पडली. उद्यमनगरातील कारखाने व फौंड्र्या यांच्यामागे ही दुरुस्तीची परंपरा उभी आहे.

याच मातीत बाबूराव पेंटर झाले. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. ते व त्यांचे आप्त आनंदराव हे चित्रकार. तथापि चित्रपटाचा कॅमेरा स्वतःच जुळवावा, असा त्यांनी ध्यास घेतला. 1916 साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने 1918 साली तो कॅमेरा सिद्ध केला, आणि 1920 साली महाराष्ट्र फिल्म कंपनीची ‘सैरंध्री’ लोकांसमोर आली.

शेवटचा दाखला राधानगरीचा. भोगावतीवरील हे धरण शाहू महाराजांनी आरंभिले. पैशाअभावी ते रेंगाळले आणि त्यांच्या निधनानंतर तीसएक वर्षांनी पूर्ण झाले. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक रेषेपर्यंत चढले की दाब व वजन यांच्या तोलाने दरवाजा आपोआप उघडतो आणि पाणी उतरले की मिटतो. आजही दर पावसाळ्यात ‘किती दरवाजे उघडले?’ हा प्रश्न कोल्हापुरात घरोघरी विचारला जातो. स्वयंचलित म्हटले, तरी त्यांची देखभाल स्वयंचलित नाही. ती माणसानेच करावयाची असते.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीनजीक पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. उपसा केंद्रे बुडाल्यामुळे, चोहीकडे पाणी असताना शहराच्या नळांना पाणी नव्हते. आपले आधुनिक जीवन किती थोड्या यंत्रांवर तोललेले आहे, हे त्या आठवड्यात सर्वांस उमगले. नवा पूल, नवी गाडी यांच्या उद्घाटनास आपण गर्दी करतो. जुन्या पंपाला तेल घातले की नाही, याची चौकशी फारच थोडे करतात. समतेच्या हुकमांचीही गत हीच आहे. एकदा निघाले म्हणून ते कायमचे चालत नाहीत. प्रत्येक पिढीला ते आपल्या आचरणाने चालते ठेवावे लागतात. पंपाचे तेल असो वा पाण्यावरचा हक्क, त्याची चौकशी करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.