पीळ-लंबकाचा इतिहास

पीळ-लंबक : वरचे टोक पक्के बसविलेल्या तारेच्या खालच्या टोकाला चकती, दंडगोल वा आडवी दांडी टांगून ती तारेच्या अक्षाभोवती थोडी फिरवून सोडली, म्हणजे उलटसुलट फिरत राहते. या रचनेस पीळ-लंबक म्हणतात. साध्या लंबकात गुरुत्वाकर्षणाचे जे कार्य, ते येथे तारेची स्थितिस्थापकता करते. टांगलेल्या वस्तूचे निरूढी परिबल तेच ठेवल्यास आवर्तकाल केवळ तारेवर अवलंबून असतो.

हे अवलंबन प्रथम फ्रेंच अभियंते व भौतिकीविज्ञ शार्ल ऑग्यूस्तीन द कूलंब (१७३६–१८०६) यांनी १७८४ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले. चुंबकसूची टोकावर टेकविण्याऐवजी धाग्याने टांगावी, असे त्यांनी १७७७ च्या पारितोषिक-निबंधात सुचविले होते. धाग्याच्या पिळाचा प्रश्न तेथूनच त्यांच्यापुढे आला. प्रयोगासाठी त्यांनी क्लाव्हसँ या तंतुवाद्याच्या लोखंडी व पितळी तारा घेतल्या. आंदोलने लहान असोत वा बरीच मोठी, त्यांना लागणारा वेळ जवळजवळ सारखाच भरला. यावरून तारेला मूळ स्थितीत आणणारे प्रेरणायुग्म पिळाच्या कोनाच्या सम प्रमाणात असते, हे निश्चित झाले. तारेची लांबी चौपट केल्यास आवर्तकाल दुप्पट होतो. वजन वाढविल्याने तारेवर येणाऱ्या जादा ताणाचा मात्र परिणाम जवळजवळ दिसला नाही. आवर्तकाल वाढला तो निरूढी परिबल वाढल्यामुळे.

जाडीचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. आवर्तकाल व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजेच प्रेरणायुग्म व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असते. तार दुप्पट जाड घेतली, तर ती सोळापट विरोध करते व आवर्तकाल एक-चतुर्थांश होतो. बारीक तारेचा व्यास अचूक मोजणे त्या काळी दुष्कर होते. म्हणून कूलंब यांनी ठराविक लांबीच्या तारांची वजने करून जाडीची तुलना केली. ही युक्ती साधी, पण मार्मिक आहे. व्यासात १ टक्का चूक झाली, तर तारेच्या दृढतेच्या किमतीत सुमारे ४ टक्के चूक येते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तारेचा व्यास निरनिराळ्या ठिकाणी व परस्परलंब दिशांना मोजावयास लावतात, तो याचसाठी.

याच चौथ्या घातामुळे अतिशय बारीक तार अत्यंत क्षीण प्रेरणाही दाखवू शकते. कूलंब यांनी १७८५ मध्ये चांदीच्या बारीक तारेवर रचलेल्या पीळ-तुलेने विद्युत् प्रतिसारणाचा व्यस्त वर्गाचा नियम दाखविला. त्यांचे नाव या नियमाशी जोडले गेले; तथापि तारेचे नियम आधी हाती नसते, तर त्या तुलेवरील वाचनांना काहीच अर्थ उरला नसता.

इंग्लंडमध्ये जॉन मिचेल यांनी अशीच तुला स्वतंत्रपणे योजिली होती. त्यांच्या मृत्यूनंतर हेन्री कॅव्हेंडिश यांनी ती बहुतांशी नव्याने बांधून १७९७–९८ मध्ये पृथ्वीची घनता मोजली. पहिली तार इतकी लवचिक होती की, शिशाच्या मोठ्या गोळ्यांच्या आकर्षणाने दांडीवरील लहान गोळे पेटीच्या बाजूस टेकू लागले. मग त्यांनी अधिक ताठ तार बसविली. आवर्तकाल सुमारे १५ मिनिटांवरून ७ मिनिटांवर आला. तारेचा व्यास मोजण्याच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. आवर्तकालावरूनच त्यांनी तिचा विरोध काढला. त्यांना घनता पाण्याच्या ५.४८ पट मिळाली. आधुनिक मूल्य सुमारे ५.५१ आहे.

तार आदर्श स्थितिस्थापक नसते, हे कूलंब यांनाही माहीत होते. फार पीळ दिल्यास ती पूर्णपणे उलगडत नाही, असे त्यांना आढळले होते. विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८६५ मध्ये असे नोंदविले की, सतत आंदोलित ठेवलेल्या तारेची आंदोलने विश्रांती मिळालेल्या तारेच्या मानाने लवकर शमतात. चार्ल्स व्हर्नन बॉईझ यांनी १८८७ मध्ये क्वॉर्ट्‌झचे तंतू तयार केल्यावर ही अडचण पुष्कळ कमी झाली, पण नाहीशी झाली नाही. आवर्तकालातील बदलावरून गुरुत्वीय स्थिरांक काढताना तंतूच्या अपूर्ण स्थितिस्थापकतेमुळे मूल्य किंचित अधिक येते, असे जपानी भौतिकीविज्ञ काझुआकी कुरोदा यांनी १९९५ मध्ये दाखविले. चीनमधील संशोधकांनी २०१८ मध्ये पीळ-लंबकाच्या दोन भिन्न पद्धतींनी काढलेल्या मूल्यांत दशलक्षात सुमारे ४५ भागांचा फरक राहिला आहे.