‘चित्रावर पाय देणे’ : तळटीप

* हा शब्दप्रयोग जपानातील ‘फुमिए’ या विधीस उद्देशून आहे. १६१४ च्या तोकुगावा फर्मानाने ख्रिस्ती धर्मास मुलूखभर मनाई झाल्यावर नागासाकीच्या अंमलदारांनी येशूची वा मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून ती रयतेकडून तुडवून घेण्याची जी वहिवाट पाडली, ती दोन शतकांहून अधिक काळ चालली; शिवाय प्रत्येक कुटुंबास आपण अमुक बौद्ध मंदिराचे अनुयायी असल्याचा दाखला घ्यावा लागे. पाद्री उरला नसताना नागासाकीजवळील उराकामीच्या शेतकऱ्यांनी बाप्तिस्मा, उपवासाचे दिवस व अपभ्रष्ट लॅटिन प्रार्थना मुखपरंपरेने सांभाळल्या, कन्नोन या बौद्ध करुणादेवतेच्या मूर्तीत मरिया पाहिली, आणि (मला हेच अधिक हृदयस्पर्शी वाटते) चित्र तुडविल्याच्या पापाबद्दल अनुतापाची प्रार्थना म्हटली. त्यांस दांभिक ठरविणाऱ्यांनी ती प्रार्थना हिशेबात घेतलेली दिसत नाही. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीतील ज्या ओउरा येथील चर्चमध्ये त्यांनी फ्रेंच मिशनरी फादर पतिजाँ यांच्यापाशी आपली श्रद्धा उघड केली, ते १५९७ च्या सव्वीस हुतात्म्यांना वाहिलेले असून त्यांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सियाही आहे. यानंतरही उराकामीच्या तीन हजारांहून अधिक रहिवाशांस हद्दपारी भोगावी लागली. ख्रिस्ती धर्माच्या मनाईचे जाहीर फलक उतरले ते १८७३ मध्ये. — संपादक