पाण्याखालची मजुरी

समुद्राच्या तळाची गोष्ट निघाली की सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढे साधारणतः दोन व्यक्ती उभ्या राहतात. एक, तळाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ. आणि दुसरा, पाठीला हवेची टाकी बांधून रंगीबेरंगी माशांमागे पोहणारा हौशी प्रवासी. तिसरा एक माणूस या दोघांच्या कितीतरी आधी तेथे पोचला होता आणि आजही तेथेच आहे. तो पोटासाठी बुडी मारणारा पाणबुड्या. आमचे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात, रात्रपाळीच्या आधी आणि नंतर झाले. त्या वाचनात समुद्रतळाचा इतिहास हाती आला, तेव्हा आमचे लक्ष आपोआप या तिसऱ्या माणसाकडे गेले. आज त्याचीच हकिगत सांगावयाची आहे.

या हकिगतीचे स्थळ मध्य अमेरिकेतील होंडुरास हा देश. त्याचा उत्तर किनारा कॅरिबियन समुद्राला लागून आहे. किनाऱ्यासमोर रोआतान, उतिला आणि ग्वानाहा ही तीन मुख्य बेटे आहेत. मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पापासून या बेटांपर्यंत सुमारे एक हजार किलोमीटर लांबीची प्रवाळाची रांग पसरली आहे. ऑस्ट्रेलियाच्या सुप्रसिद्ध प्रवाळभिंतीनंतर जगात तिचाच क्रमांक लावतात. स्कूबा म्हणजे टाकीतील हवा घेऊन पाण्याखाली पोहण्याची कला. ती शिकण्यासाठी जगभरचे लोक या बेटांवर येतात.

तेथे खाली काय दिसते? प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. सूक्ष्म प्राण्यांच्या पिढ्यांनी आपल्या अंगच्या चुन्यातून बांधलेली ती वसाहत आहे. त्या प्राण्यांच्या शरीरात शैवाले राहतात. सूर्यप्रकाशावर ती अन्न तयार करतात आणि आपल्या यजमानाला पोसतात. म्हणून ही वसाहत उजेडाच्या, उथळ पाण्यात फोफावते. कोठे हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, कोठे मेंदूच्या वळ्यांसारखे गोल पिंड, तर कोठे जाळीदार पंख्यासारखे प्राणी प्रवाहात डोलत असतात. माणूस आत बसू शकेल एवढे पिंपाच्या आकाराचे स्पंज तेथे आहेत. ते रात्रंदिवस पाणी गाळून त्यातील कण खातात. पोपटमासा आपल्या चोचीने प्रवाळावरील शेवाळ खरवडतो आणि खरवडलेला चुना वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. किनाऱ्यावरची पांढरी वाळू बरीचशी त्याची कमाई आहे. ठिपक्यांचे पाकट पंख हलवीत जाते, कासव स्पंज खाताना दिसते, आणि उतिलाजवळच्या पाण्यात व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा, एवढ्या देहाचा असूनही, सूक्ष्म जीवांवर गुजराण करीत फिरतो.

आणि कपारीत, दोन लांब मिशा बाहेर काढून, शेवंड बसलेली असते. आपल्या कोकणच्या शेवंडीची ही कॅरिबियन बहीण. हिला नांग्या नसतात. काटेरी पाठ आणि चपळ शेपूट एवढेच तिचे संरक्षण. दिवसा लपायचे आणि रात्री चरायला निघायचे, हा तिचा क्रम. अंड्यातून निघालेले पिल्लू महिनोन्‌महिने उघड्या समुद्रात वाहत राहते, मग कोठेतरी तळ धरते. थंडीच्या तोंडावर या शेवंडी एकीच्या मिशा दुसरीच्या पाठीला लावून रांगेने स्थलांतर करतात, असे शास्त्रज्ञांनी पाहिले आहे. परदेशच्या हॉटेलांत हिला मोठा भाव मिळतो. त्या भावातूनच पुढची सारी कथा उभी राहिली.

ती कथा समजण्यासाठी प्रथम हवेचा हिशेब समजला पाहिजे. पाण्यात दर दहा मीटर खाली गेले की दाब एका वातावरणाने वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट होतो. आपण घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. दाबाखाली हा नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. पाणबुड्या सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. घाईने आला तर सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढल्यावर होते तेच शरीरात होते. बुडबुडे सुटतात; ते सांध्यांत अडकले तर असह्य वेदना होतात, आणि पाठीच्या कण्यात अडकले तर कमरेखालचे अंग जाते.

हे ज्ञान कोठून आले? त्याचे पहिले धडे मजुरांच्या देहांवर गिरवले गेले. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८७० ते १८८३ या काळात बांधला गेला. त्याच्या पायासाठी नदीच्या तळाशी दाबाची हवा भरलेल्या पेट्या उतरवल्या होत्या आणि मजूर त्यांत शिरून तळ खोदीत. वर आल्यावर माणसे वेदनेने वाकून जात. त्या वाकण्यावरूनच या रोगाला 'बेंड्स' हे नाव पडले. १८७२ च्या मे महिन्यात त्या मजुरांनी वाढीव मजुरीसाठी काम बंद केले. मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हा स्वतः याच रोगाने खिळला. त्याचे नाव इतिहासात राहिले, मजुरांची राहिली नाहीत. १८७८ साली फ्रान्समध्ये पॉल बेर याने नायट्रोजनच्या बुडबुड्यांचे कारण सिद्ध केले. १९०८ साली इंग्लंडमध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्याचे सहकारी यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून, किती खोलीवरून किती टप्प्यांनी वर यावे याची कोष्टके छापली.

परंतु कारण कळले म्हणून मृत्यू थांबले, असे झाले नाही. याच काळात ग्रीसजवळच्या कालिम्नोस आणि सिमी या बेटांवर स्पंज काढण्याचा धंदा भरात होता. पूर्वी तेथील पाणबुडे चपटा दगड हाती धरून एका श्वासात बुडी मारीत. १८६० नंतरच्या काळात तांब्याचे शिरस्त्राण आणि रबरी पोशाख आला. तळाशी तासन्‌तास राहणे शक्य झाले आणि बेंड्सची साथ सुरू झाली. १८८६ ते १९१० या काळात सुमारे १०,००० पाणबुडे मेले आणि २०,००० अपंग झाले, असा एक अंदाज सांगतात. १९०० साली सिमीच्या पाणबुड्यांना अँटिकिथेरा बेटाजवळ एक बुडालेले प्राचीन जहाज सापडले. त्यातून निघालेले ग्रहगतीचे दंतचक्री यंत्र आज अथेन्सच्या संग्रहालयात आहे. ते वर आणताना एक पाणबुड्या मेला आणि दोघे लुळे झाले. कालिम्नोसवर आजही एक नाच नाचतात. त्यात पुढचा नाचणारा काठी टेकीत, थरथरत्या पायांनी, लुळ्या पाणबुड्याची नक्कल करतो.

कालिम्नोसचा पाणबुड्या नियम मोडून घाईने वर का येत असे? उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. हंगामापूर्वी त्याला उचल मिळे. घरच्यांची सोय लावण्यात ती संपून जाई. मग स्पंज काढून ती फेडायची. पोशाख मालकाचा, बोट मालकाची. जितक्या बुड्या अधिक तितके कर्ज लवकर फिटणार. ऊसतोडीला निघणारे जोडपे आणि त्यांना उचल देणारा मुकादम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे अधिक समजावून सांगावयास नको.

१९४३ साली झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंचांनी हवेची टाकी आणि रेग्युलेटर यांचा सुटसुटीत संच तयार केला. रेग्युलेटर म्हणजे श्वास घेताच सभोवतालच्या दाबाइतकीच हवा तोंडात सोडणारी झडप. वरच्या पंपाची आणि नळीची गरज सरली. १९५६ साली कूस्तोचा समुद्रतळावरील बोलपट जगभर गाजला आणि पाण्याखाली जाणे ही मध्यमवर्गाची सुट्टी झाली. या सुट्टीला शिस्तही लागली. नवशिक्याने १८ मीटरपलीकडे जाऊ नये, हौशी माणसाने ४० मीटरची मर्यादा ओलांडू नये, वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे, दिवसात मोजक्याच बुड्या माराव्या. ब्रुकलिनच्या मजुरांनी आणि कालिम्नोसच्या पाणबुड्यांनी मोजलेल्या किमतीचे हे फळ आहे, आणि रोआतानला येणाऱ्या प्रवाशाला ते पूर्णपणे मिळते.

आता त्याच देशाच्या पूर्व किनाऱ्याकडे वळू. तेथे मिस्किटो नावाचे आदिवासी लोक राहतात. रस्ते थोडे, रोजगार त्याहून थोडा. शेवंडीचा परदेशी व्यापार वाढला तेव्हा या लोकांना बोटींवर घेऊ लागले. यांतल्या कितीतरी बोटी रोआतानच्याच बंदरातून निघतात. पाठीवरची टाकी तीच आणि तोंडातली झडपही तीच, फक्त नियम निराळे. गावोगाव फिरून माणसे गोळा करणारा मध्यस्थ असतो. आपल्या गिरण्यांतला जॉबर म्हणा की कारखान्याचा मुकादम. निघण्यापूर्वी उचल मिळते. मजुरी शेवंडीच्या वजनावर, म्हणजे निव्वळ उक्ते काम. बोट आठवडा-दोन आठवडे समुद्रात राहते. पाणबुड्या दिवसाला दहा-बारा टाक्या रिकाम्या करतो. त्याच्याबरोबर छोटी होडी वल्हवीत एक साथीदार असतो, पुष्कळदा अल्पवयीन मुलगा. खोली किती झाली हे दाखवणारे मापक बहुधा नसते. शिक्षण बहुधा इतकेच की, आधीचा जसा उतरला तसे उतरावे.

येथे समुद्राचा आणि माणसाचा हिशेब एकमेकांत गुंततो, आणि आमच्या विवेचनाचा गाभा तोच आहे. उथळ पाण्यातल्या कपारी पहिल्या वर्षांत उपसून झाल्या. शेवंड दुर्मीळ झाली तसे पाणबुडे वीस मीटरवरून तीसवर आणि तीसवरून चाळीसवर गेले. वजन पूर्वीचेच भरायचे तर खोली वाढवायची आणि टाक्याही वाढवायच्या. समुद्र जितका रिता होत गेला तितका पाणबुड्याचा कणा धोक्यात आला. कोणी शेवंडीच्या रक्षणाविषयी बोलतो, कोणी कामगाराच्या रक्षणाविषयी. आमच्या मते या दोन मागण्या नाहीत, एकच आहे. ज्या उक्त्या दराने शेवंड संपते त्याच दराने माणूस लुळा होतो.

अशा लुळ्या झालेल्यांची संख्या तेथे हजारांत मोजतात. मिस्किटो लोकांत एक समजूत आहे की, 'लिवा मायरिन' नावाची जलदेवता अधिक लोभ करणाऱ्यावर कोपते आणि त्याचे पाय घेते. आपल्याकडेही विहिरीच्या आणि डोहाच्या आसरा आहेत. या समजुतीला हसण्याचे कारण नाही. लोभामुळे हे होते, एवढे त्यांनी अचूक ओळखले. लोभ कोणाचा, एवढाच प्रश्न राहिला.

तो प्रश्न अपंग पाणबुड्यांनी स्वतःच विचारला. त्यांनी संघटना उभारली. २००४ साली त्यांची तक्रार अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगापुढे गेली. तेथून ती आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयात पोचली आणि ३१ ऑगस्ट २०२१ रोजी निकाल लागला. खटला ४२ जणांचा होता. त्यांत बुडीच्या अपघातांत सापडलेले ३४ पाणबुडे होते, बोटीला लागलेल्या आगीत मेलेले सात होते, आणि होडीत एकटा सोडून दिलेला एक मुलगा होता, तो पुन्हा कधीच दिसला नाही. बोटी खाजगी आहेत, सरकारचा काय संबंध, ही सबब चालली नाही. कामाच्या जागेची तपासणी करणे आणि नियम पाळावयास लावणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने ठरवले. होंडुरास सरकारने आपली जबाबदारी मान्य करून तडजोड केली होती. न्यायालयाने तिला मान्यता दिली. सतरा वर्षे लागली. ज्यांनी आपल्याकडच्या कामगार न्यायालयांच्या पायऱ्या झिजवल्या आहेत त्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल.

काही लोक म्हणतात, बुडी मारून शेवंड धरण्यावर सरसकट बंदी घाला आणि सापळे वापरा. उपाय बरा आहे; परंतु सापळे आणि बोट यांना भांडवल लागते आणि पाणबुड्याजवळ त्याच्या छातीवाचून भांडवल नाही. पर्यायी रोजगार न देता घातलेली बंदी ही त्याच्यापुरती टाळेबंदीच ठरते. प्रथम पगार वजनावरून काढून दिवसावर आणा, बुड्यांची संख्या बांधून द्या, किनाऱ्यावर दाबकक्ष ठेवा. दाबकक्ष म्हणजे रोग्याला पुन्हा दाबाखाली घेऊन सावकाश मोकळे करणारी खोली. लवकर पोचलेला माणूस तीतून पुष्कळदा आपल्या पायांनी बाहेर येतो.

आपला या विषयाशी संबंध काय? मालवणला सिंधुदुर्गाच्या तटाभोवती प्रवाळ आहे. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य घोषित झाले. तारकर्लीला स्कूबा शिकवणारी सरकारी संस्था आहे, आणि हंगामात शहरातील हजारो माणसे तेथे पाण्याखाली मासे पाहावयास जातात. येथील बुडी उथळ असते. मिस्किटो किनाऱ्याशी तिची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तरी प्रत्येक पाहुण्याचा हात धरून खाली नेणारा एक स्थानिक तरुण असतो. पाहुणा एकदाच उतरतो. हा तरुण दिवसातून किती वेळा उतरतो? त्याला रोज मिळतो की माणशी पैसे? त्याचा विमा आहे काय? जवळचा दाबकक्ष कोठे आहे? श्रोत्यांपैकी जे पुढील सुट्टीत तिकडे जातील, त्यांनी पाण्यात उतरण्यापूर्वी हे चार प्रश्न जरूर विचारावेत. प्रवाळाला हात लावू नये, कारण तो जिवंत आहे, हे आता सर्वांना शिकवतात. ज्याने आपला हात धरला आहे तोही जिवंत आहे, एवढे ध्यानात राहिले तर पुरे.