कात्री, गोंद आणि चार कळा

'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार आपण सर्रास वापरतो. त्यातला हरताळ मात्र आता सहसा कोणी पाहिलेला नसतो. हरताळ म्हणजे आर्सेनिकयुक्त पिवळे खनिज. पोथी लिहिताना अक्षर चुकले की लेखनिक त्यावर हरताळाचा लेप देई आणि तो वाळल्यावर वर नवे अक्षर लिही. शब्द राहून गेला असेल तर त्या जागी काकपद, म्हणजे कावळ्याच्या पावलासारखी खूण करून, राहिलेला मजकूर समासात लिहिला जाई. संगणकावर लिहिताना डाव्या हाताची बोटे ज्या चार कळांवर वारंवार पडतात, त्या झेड, एक्स, सी आणि व्ही या कळांचा इतिहास पोथीपासून सुरू करणे काहींना ओढूनताणून केल्यासारखे वाटेल. परंतु या कळांचा उगम यंत्रज्ञांच्या प्रयोगशाळेत जितका आहे, तितकाच संपादकाच्या मेजावर आहे. आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते.

त्यांच्या जोडीने दाबायची कंट्रोल ही कळ मात्र निखळ यंत्राच्या घराण्यातली आहे. टेलिप्रिंटरच्या काळात ती धरून जी हे अक्षर दाबले की पलीकडच्या यंत्राची घंटा वाजत असे. १९६३ साली अमेरिकेत आस्की ही संकेतप्रणाली ठरली, तेव्हा अशा न दिसणाऱ्या आज्ञांना अक्षरांच्या बरोबरीने क्रमांक मिळाले. कंट्रोल कळेचा संबंध यंत्राला हुकूम देण्याशी होता, मजकुराशी नव्हता. मजकुराची दुरुस्ती ही स्वतंत्र आणि गुंतागुंतीची गोष्ट आहे, हे संगणकवाल्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. डग्लस एंगेलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या प्रात्यक्षिकात पडद्यावरचे शब्द उचलून दुसरीकडे नेऊन दाखवले खरे, पण ती पद्धत शिकायला पियानो शिकण्याइतकी चिकाटी हवी होती. डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक वेगळाच कळफलक होता आणि त्यावर सूर जुळवावेत तशा पट्ट्या एकत्र दाबाव्या लागत.

यानंतरची कथा कॅलिफोर्नियातील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात घडते. तेथे १९७३ मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला आणि त्यावर बटलर लॅम्पसन व चार्ल्स सिमोनी यांनी ब्राव्हो ही लेखनाची आज्ञावली रचली. अक्षरे छापील पानासारखी दिसावीत, हा तिचा मोठा गुण. दोष असा की तिच्यात दोन अवस्था होत्या: एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटे, दुसऱ्या अवस्थेत तीच कळ आज्ञा ठरे. आपण लिहिण्याच्या अवस्थेत आहोत असे समजून एखाद्याने 'एडिट' हा इंग्रजी शब्द टंकला, तर काय होई? 'ई'ने सगळा मजकूर निवडला जाई, 'डी'ने तो पुसला जाई, 'आय'ने नवे लिहिण्याची अवस्था सुरू होई, आणि साऱ्या लेखाच्या जागी 'टी' हे एकच अक्षर उरे. संपादन या अर्थाच्या शब्दानेच संहितेचा घात करावा, यातला उपरोध साहित्यवाल्यांना समजावून सांगायला नको.

हा प्रकार ज्याला मनापासून खटकला तो लॅरी टेस्लर (१९४५–२०२०). १९७३ मध्ये तो या केंद्रात आला. त्यापूर्वी एका मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेची पाने त्याने स्वतः कापून, चिकटवून जुळवली होती. कात्री आणि गोंद त्याच्या हाताच्या सवयीचे होते. त्याच सुमारास टिम मॉट हा तरुण तेथे येऊन पोचला. बॉस्टनजवळची गिन अँड कंपनी ही पाठ्यपुस्तकांची प्रकाशनसंस्था तेव्हा झेरॉक्सच्या मालकीची होती आणि तिच्या संपादकांना उपयोगी पडेल असे काहीतरी करून घेणे हे मॉटचे काम होते. या दोघांनी जे केले ते त्या काळी विलक्षण होते. त्यांनी संपादकांना कसलीही आज्ञावली नसलेल्या कोऱ्या पडद्यासमोर बसवले आणि सांगितले, की हे तुमच्या हस्तलिखिताचे पान आहे असे समजा. आता दुरुस्ती कशी कराल ते बोलत बोलत दाखवा. संपादक काय म्हणणार? येथे खूण करीन, हे वाक्य कापीन, तेथे नेऊन चिकटवीन. कागदावर वर्षानुवर्षे जे केले तेच त्यांनी सांगितले, आणि यंत्राला ते शिकवले गेले. १९७५ च्या सुमारास गिनच्या संपादकांच्या हाती आलेल्या जिप्सी या आज्ञावलीत अवस्थांची भानगड नव्हती: टंकले की अक्षर उमटे, आधी मजकूर निवडायचा आणि मग कापायचा किंवा चिकटवायचा. पुढे टेस्लरने आपल्या मोटारीच्या क्रमांकपाटीवरसुद्धा 'नो मोड्स' असे लिहवून घेतले होते. एका व्याकरणविषयक मताशी इतकी निष्ठा आपल्या वैयाकरणांतही दुर्मीळ.

चार कळा ठरल्या त्या पुढे अॅपलमध्ये. टेस्लर १९८० साली तेथे गेला आणि १९८३ मध्ये बाजारात आलेल्या लिसा या संगणकावर एक्स, सी, व्ही या कळांना आजची कामे मिळाली. 'सी' कॉपीचे आद्याक्षर. 'एक्स' म्हणजे काट मारल्याची फुली. 'व्ही'चे कारण सर्वांत गमतीचे: छपाईची मुद्रिते तपासताना मजकूर घालण्यासाठी जी घरासारखी खूण करतात, ती उलटी केली की 'व्ही' होतो. म्हणजे शाळेतले मूलही जी कळ न बघता दाबते, तिच्यात मुद्रितशोधकाची खूण लपलेली आहे. आपल्या काकपदाचे आणि तिचे रूप जवळचे आहे. नाते मात्र नाही, हे सांगून टाकणे बरे, कारण असली नाती जोडण्याचा मोह आपल्याकडे अनावर असतो. झेड ही कळ या तिघींच्या शेजारची म्हणून 'केलेले रद्द कर' या आज्ञेला मिळाली; ती कल्पना मात्र वॉरन टाइटलमन यांच्या लिस्प भाषेवरील कामात आधीपासून होती. विंडोजमध्ये आधी शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट अशा जोड्या होत्या. १९९२ च्या ३.१ आवृत्तीत अॅपलची अक्षरे कंट्रोलच्या जोडीने रुळली. जुन्या जोड्या आजही अनेक ठिकाणी चालतात. कळफलकावरची 'सी' रुसली असेल त्यांनी करून पाहावे.

येथवर ही संपादकाच्या विजयाची कथा आहे. पण संपादकाची कृती यंत्राने उचलली तेव्हा त्या कृतीचा माग मागेच राहिला. हरताळाखालचे अक्षर कित्येकदा वाचता येते. खोडलेली ओळ, समासातली भर, चिकटवलेल्या चिटोऱ्याची कड, यांतूनच संहितेचा इतिहास कळतो. कंट्रोल-एक्सने कापलेल्या वाक्याची जागा मिटून जाते. कापलेला मजकूर एका तात्पुरत्या जागी राहतो आणि पुढचे काही कापले की तोही जातो. (विंडोजने २०१८ मध्ये ही अडचण थोडी दूर केली: विंडोज-व्ही दाबून ती सोय एकदा सुरू करून ठेवली की शेवटचे पंचवीस तुकडे परत मिळतात.) कंट्रोल-झेडची स्मृती साधारणपणे धारिका बंद करेपर्यंतची. आजच्या कवीच्या कवितेचे पाठभेद उद्याचा अभ्यासक कोठे शोधणार? वर्डमध्ये कंट्रोल-शिफ्ट-ई दाबले की प्रत्येक बदल नोंदला जातो. ही कळ विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवावी अशी आहे, आणि आपण तिचा उपयोग फक्त प्रबंधाच्या दुरुस्त्यांसाठी करतो.

मराठीपुरते पाहिले तर या चार कळांचा लाभ आपल्याला फार उशिरा मिळाला. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोज २००० येईपर्यंत सामान्य संगणकावर तिचा आधार नव्हता. तोवर आपले सारे लेखन विशिष्ट टंकांत होई. पडद्यावर 'क' दिसे, आत मात्र रोमन अक्षराचा क्रमांक असे. तो मजकूर उचलून अन्यत्र चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा भुगा पडे. त्या वर्षांत जुळवलेल्या कित्येक अंकांच्या धारिकांत आजही काही शोधता येत नाही.

युनिकोड आल्यावरही अक्षर आणि संकेत यांतला फरक राहिलाच. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली (१९१९–१९६६), तेव्हा पाठांची तुलना करण्याचे कागद चौकटींनी आखलेले असत आणि एका चौकटीत एक अक्षर लिहिले जाई. 'स्त्री' या अक्षराला तेथे एकच घर. संगणकाच्या लेखी ते सहा संकेत आहेत. म्हणून बहुतेक ठिकाणी शेवटून बॅकस्पेस दाबली तर केवळ वेलांटी जाते, आणि अलीकडून डिलीट दाबली तर अख्खी 'स्त्री' जाते. हे ठाऊक असले की टंकताना बराच त्रास वाचतो.

खरी फसगत होते ती कंट्रोल-एफ या शोधाच्या कळेने. 'दऱ्या' हा डोंगरातला शब्द दोन तऱ्हांनी टंकता येतो: नुक्त्याचा ऱ घेऊन, किंवा साधा र आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घेऊन. दिसायला दोन्ही अगदी एक. पुष्कळ आज्ञावली एक तऱ्हा शोधताना दुसरीकडे ढुंकून पाहत नाहीत; उलट काही न्याहाळक इतके उदार, की 'दऱ्या' शोधताना समुद्राचा 'दर्या'ही हाती देतात. एका कादंबरीतील 'दऱ्या' आणि 'वाऱ्या' या शब्दांची आवृत्ती मी कंट्रोल-एफने मोजून तिच्या आधारे शैलीविषयी एक विधान ठोकून दिले होते. पुढे कळले की ती संहिता दोघांनी टंकलेली होती, पूर्वार्ध एकाने आणि उत्तरार्ध दुसऱ्याने. उत्तरार्धात लेखकाची निसर्गवर्णने विरळ होत जातात, असे माझे विधान होते. दुसऱ्या तऱ्हेने पुन्हा शोध घेतला, तेव्हा साऱ्या दऱ्या उत्तरार्धात जागच्या जागी होत्या.