मगनवाडीतला हिशेबतपासनीस

वर्ध्याच्या मगनवाडीत एक संग्रहालय आहे. खादी आणि ग्रामोद्योगांची ओळख करून देणारं. १९३८ साली गांधीजींनी त्याचं उद्घाटन केलं. मगनवाडीतून अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं आणि ते सांभाळणारे जे. सी. कुमारप्पा पेशानं ऑडिटर, धर्मानं ख्रिस्ती होते. तारण श्रद्धेनं मिळतं की सत्कर्मांनी, हा ख्रिस्ती धर्मातला जुना वाद मला कुमारप्पांमुळे नीट कळला.

वादाचं मूळ बायबलमध्येच आहे. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की, माणूस नियम पाळून नव्हे तर विश्वासानं नीतिमान ठरतो. याकोबाचं पत्र म्हणतं, कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे. सोळाव्या शतकात पापाची शिक्षा माफ करणारी पत्रं पैसे घेऊन दिली जात होती. पुण्याचा असा बाजार मांडलेला पाहून मार्टिन ल्यूथर खवळला. १५२२च्या जर्मन भाषांतरात त्यानं पौलाच्या वाक्यात ‘केवळ’ हा शब्द घातला: केवळ विश्वासानं. याकोबाचं पत्र त्याला फारसं मानवत नसे. १५४७मध्ये ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चनं ‘केवळ’ नाकारलं. दोन्ही बाजूंचा मोठा समझोता व्हायला १९९९ साल उजाडलं: तारण देवाच्या कृपेनं, सत्कर्मं हे त्याचं फळ.

कुमारप्पांचा जन्म १८९२चा, तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती कुटुंबातला. लंडनमध्ये हिशेबशास्त्र शिकून ते मुंबईत ऑडिटचा व्यवसाय करत होते. पुढे कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकले, १९२९मध्ये गांधीजींना भेटले आणि मुंबईतली कमाई सोडून १९३४नंतर वर्ध्यात रमले. घाणीचं तेल, हातकागद, मधमाश्या, बिनधुराची चूल हे त्यांचे विषय झाले. इंग्रज सरकारच्या हिंसेपुढे गप्प बसणाऱ्या चर्चलाही त्यांनी जाब विचारला. ‘भारत छोडो’च्या काळात तुरुंगात असताना त्यांनी येशूवर एक पुस्तक लिहिलं. १९४५मध्ये आलेल्या त्या पुस्तकाच्या नावात येशूचं आचरण आधी येतं, उपदेश नंतर.

म्हणजे ते सत्कर्मांच्या बाजूचे का? मला तसं वाटत नाही. ऑडिटर पैसे निर्माण करत नाही. वहीत लिहिलेली रक्कम तिजोरीत खरंच आहे का, एवढंच तो पाहतो. कर्मानं श्रद्धा विकत मिळत नाही, पण श्रद्धा आहे की नुसती वहीत मांडली आहे, हे कर्मावरून कळतं. मगनवाडीतली चूल हा मला असाच एक पुरावा वाटतो.

पण हा हिशेब एका माणसापुढे अडतो. येशूशेजारी क्रुसावर टांगलेला गुन्हेगार. त्याच्याजवळ सत्कर्म नव्हतं, करायला वेळ नव्हता, हातही मोकळे नव्हते. त्यानं फक्त आपली आठवण ठेवा म्हटलं, आणि येशूनं त्याला त्याच दिवशी स्वर्गात सोबतीचं वचन दिलं. अंथरुणाला खिळलेल्या, आयुष्य वाया घालवून बसलेल्या माणसाला याकोबाचं पत्र वाचून दाखवणं क्रूरपणाचं आहे. त्याला पौलच हवा.

कुमारप्पांचे हात मोकळे होते. आपलेही आहेत. त्यामुळे क्रुसावरच्या त्या माणसाला मिळालेली सवलत आपण आपल्यासाठी मागू नये, एवढं मला मगनवाडीकडे पाहून पटतं.