सहा हजार वर्षांची वहिवाट

बांधावरून किंवा पाणंदीवरून वाद पेटला की आपल्याकडे पहिला प्रश्न वहिवाटीचा निघतो. वाट कागदावर असो वा नसो, तिच्यावरून ये-जा किती काळ चालू आहे, याला मोल असते. अमेरिकेतील वायोमिंग राज्यात अशाच एका वहिवाटीचा पुरावा जमिनीतून निघाला. वहिवाटदार मात्र माणूस नव्हता. तो होता प्राँगहॉर्न.

हा प्राणी दिसतो काळविटासारखा, पण हयात प्राण्यांत त्याचे जवळचे नातलग जिराफ आणि ओकापी. स्वतःच्या कुळातला तो एकटाच उरलेला. तो ताशी 85 किलोमीटरच्या आसपास धावतो. त्या खंडातला आजचा एकही शिकारी त्याला पळून गाठू शकत नाही. मग एवढा वेग कशासाठी? जीवशास्त्रज्ञ जॉन बायर्स यांचे उत्तर असे की, हा वेग हिमयुगाच्या अखेरीस नामशेष झालेल्या अमेरिकी चित्त्यासारख्या शिकाऱ्यांमुळे आला. पाठलाग करणारा संपला, धाव उरली.

परंतु इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला धावेपेक्षा वाटेने अधिक गुंतवले. ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात उन्हाळा काढणारे काहीशे प्राँगहॉर्न बर्फ पडण्यापूर्वी दक्षिणेला ग्रीन नदीच्या वरच्या खोऱ्यात उतरतात आणि वसंतात परततात. एका बाजूचा प्रवासच दोनशे किलोमीटरहून अधिक. पाइनडेल गावाजवळ ट्रॅपर्स पॉइंट येथे दोन नद्यांमधली जमीन चिंचोळी होते आणि सगळे कळप त्या गळ्यातून जातात. 1990 च्या दशकाच्या आरंभी महामार्गाच्या कामासाठी तिथे उत्खनन झाले, तेव्हा माणसांनी मारलेल्या प्राँगहॉर्नची हाडे निघाली. काळ सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीचा. त्यात गर्भातल्या पिलांचीही हाडे होती. त्यांच्या वाढीवरून शिकारीचा ऋतू ठरवता आला: वसंताचा आरंभ. आजही कळप याच सुमारास तिथून जातात. माझ्या मते दस्तऐवज म्हणून ही हाडे कोणत्याही खरेदीखतापेक्षा कमी नाहीत.

ही वहिवाट मोडली कशी? एकोणिसाव्या शतकात बेसुमार शिकार झाली, मोकळ्या माळावर गुरांचे मळे आले. एकेकाळी कोटींत मोजली जाणारी प्रजाती 1920 च्या दशकात तीस हजारांच्या आसपास आली. शिकारीवर निर्बंध आल्यावर संख्या पुन्हा लाखांत गेली, पण तोवर माळभर तारा ताणल्या गेल्या होत्या. प्राँगहॉर्न सहसा कुंपणावरून उडी मारत नाही. खालच्या तारेखालून सरपटतो. जाळी जमिनीला टेकली की वाट संपली.

1983 मध्ये दक्षिण वायोमिंगमध्ये एका मळेवाल्याने 28 मैलांचे असेच कुंपण घातले. आत सरकारी जमीनही अडकली आणि हिवाळी चाऱ्याकडे जाणारे प्राँगहॉर्न अडले. खटल्यात उपयोगी पडला तो 1885 चा कायदा. बड्या गुरेवाल्यांनी सार्वजनिक जमीन वेढू नये म्हणून तो झाला होता. 1988 मध्ये अपील न्यायालयाने कुंपण काढा किंवा प्राँगहॉर्नना जाता येईल असे बदला, हा आदेश कायम केला. माणसांच्या भांडणासाठी लिहिलेला कायदा असा जनावराच्या कामी आला.

पुढे 2008 मध्ये ग्रँड टेटनच्या वाटेचा राष्ट्रीय वनातील भाग संरक्षित झाला. 2012 मध्ये ट्रॅपर्स पॉइंटच्या महामार्गावर प्राण्यांसाठी पूल उभा राहिला, परिसरात भुयारी मार्गही झाले. हरणांनी भुयारे पसंत केली. बहुतेक प्राँगहॉर्न मात्र पुलावरून गेले. दूरवर पाहत चालणाऱ्या जनावराला वर मोकळे आभाळ हवे असते. ज्या रस्त्याच्या कामात वहिवाटीचा पुरावा सापडला, त्याच रस्त्याने अखेर वाट दिली.

तरीही निकाल लागला असे मी म्हणणार नाही. वनाच्या हद्दीबाहेर वायूच्या विहिरी, खाजगी मळे आणि कुंपणे आहेतच. 2022-23 च्या कडक हिवाळ्यात बर्फ, उपासमार आणि फुप्फुसाच्या संसर्गाने या खोऱ्यातले प्राँगहॉर्न मोठ्या संख्येने मेले. अशा वर्षी खालच्या, कमी बर्फाच्या जमिनीपर्यंत पोचता येणे हाच जगण्या-मरण्यातला फरक असतो. वहिवाट सिद्ध करायला जुनी हाडे पुरतात. ती टिकवायला चालणारे पाय लागतात.